नुरा कुस्तीतल्या खलनायकाची किताबी कारकीर्द कशी लिहावी : बडी रॉजर्सची नोंदवही

तालमीत वाढलेल्या माणसापुढे फ्रीस्टाइलच्या जुन्या चॅम्पियनांची यादी ठेवली, की पहिला प्रश्न ठरलेला: "पण हे सगळं नुरा होतं ना?" होतं. निकाल प्रमोटर आधीच ठरवायचे. पण म्हणूनच त्याची नोंद जास्त काळजीनं करावी लागते. आपल्या फडात पाठ मातीला लागली की पंच हात वर करतो आणि विषय मिटतो. तिकडे कुस्ती एका दिवशी व्हायची आणि तिला मान्यता मिळायची दुसऱ्याच दिवशी, कधी दुसऱ्याच गावात, कधी मिळायचीच नाही. कुस्ती आणि मान्यता एकाच रकान्यात कोंबली की यादी बिघडते. आजवर पाहिलेल्या बहुतेक मराठी याद्या इथंच बिघडल्या आहेत.

नाशिकमध्ये कुस्तीची कात्रणं जपणारी घरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी ही पद्धत. नमुना म्हणून बडी रॉजर्स घेतला आहे. जन्म २० फेब्रुवारी १९२१, कॅम्डेन, न्यू जर्सी. खरं नाव हर्मन रोड. टोपणनाव 'नेचर बॉय'. सोनेरी केस, ऐटबाज चाल आणि रेफ्रीची पाठ वळली की खोडी. लोक तिकीट काढायचे ते याला कुणीतरी आपटेल या आशेवर. खलनायकाकडे पट्टा देण्यामागचा हिशोब एवढाच असतो. त्याच्या कारकिर्दीत नोंदीच्या जवळजवळ सगळ्या भानगडी एकत्र सापडतात, म्हणून शिकायला हा माणूस उत्तम.

वही आणि रकाने

दोनशे पानी फुलस्केप रजिस्टर घ्या. डावं पान नोंदीचं, उजवं टिपणाचं. डाव्या पानावर आठ रकाने आखा: अनुक्रम, तारीख, वार, गाव आणि सभागृह, कोणी कोणाला, निकाल कसा लागला, मान्यता कोणाची, पुराव्याचा दर्जा. वाराचा रकाना बऱ्याच जणांना फालतू वाटतो. तो का लागतो ते पुढे कळेल.

नावं देवनागरीत लिहाच, पण रजिस्टरच्या शेवटच्या दोन पानांवर प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं उतरवून ठेवा. थेझ की थेस, साम्मार्तिनो की सॅमार्टिनो, हा वाद मराठीत मिटणारा नाही आणि शोध घेताना संगणकाला इंग्रजी स्पेलिंगच लागतं. रॉजर्सच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. याच नावाचा हॉलिवूडचा एक नट होता, चार्ल्स 'बडी' रॉजर्स. नुसतं नाव टाकलं तर अर्धे निकाल त्याचे येतात. नावासोबत गाव, वर्ष आणि प्रतिस्पर्धी टाका. कारकिर्दीच्या सुरुवातीसाठी 'डच रोड' या नावानंही शोधा, कारण तेव्हा तो मूळ आडनावानं लढायचा. 'नेचर बॉय' एवढंच टाकलंत तर रिक फ्लेअर येऊन बसतो. त्यानं टोपणनावही उचललं आणि पायांची गाठ मारणारा फिगर फोरही.

पुराव्याचे दर्जे तीनच ठेवा. कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या वर्तमानपत्रात आलेली निकालाची बातमी म्हणजे 'अ'. आधी छापलेली जाहिरात किंवा कार्यक्रमपत्रिका म्हणजे 'ब'. जाहिरातीवरून कुस्ती ठरली होती इतकंच कळतं, झाली की नाही ते कळत नाही. पैलवान आजारी पडतो, बर्फ पडतो, जोड बदलते. नंतरच्या आठवणी, आत्मचरित्रं आणि संस्थांच्या आजच्या याद्या म्हणजे 'क'. आत्मचरित्राला 'क' दिलं की काहींना राग येतो, पण या धंद्यात सत्य लपवणं हा कामाचाच भाग होता. निवृत्तीनंतर ती सवय अचानक सुटते असं समजू नका.

आधी वंशावळ, मग माणूस

रॉजर्सच्या पहिल्या नोंदीआधी त्याच्या हाती आलेल्या पट्ट्याची वंशावळ एका पानावर मांडा. नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, ही प्रमोटरांची संघटना जुलै १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू इथं स्थापन झाली. पहिला चॅम्पियन ऑर्विल ब्राउन. १ नोव्हेंबर १९४९ ला त्याचा मोटार अपघात झाला, कारकीर्द संपली आणि २७ नोव्हेंबरला लू थेझला चॅम्पियन म्हणून मान्यता मिळाली. इथंच पद्धतीची पहिली कसोटी लागते: बदल झाला, पण कुस्ती झाली नाही. 'कोणी कोणाला' या रकान्यात आडवी रेघ मारा आणि 'मान्यता' रकान्यात एनडब्ल्यूए लिहा. "थेझनं ब्राउनला हरवलं" असं लिहून जागा भरू नका.

पुढची साखळी : १५ मार्च १९५६ ला टोरंटोत व्हिपर बिली वॉटसननं थेझला हरवलं, ९ नोव्हेंबर १९५६ ला सेंट लुईत थेझनं पट्टा परत घेतला, १४ नोव्हेंबर १९५७ ला टोरंटोत डिक हटन, ९ जानेवारी १९५९ ला सेंट लुईत न्यूझीलंडचा पॅट ओकॉनर.

मध्येच एक गाठ आहे. १४ जून १९५७, शिकागो, थेझविरुद्ध एदुआर कार्पेंतिए. तीन फॉलच्या, म्हणजे तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, कुस्तीत निकाल कार्पेंतिएच्या बाजूनं लागला, पण तो कसा लागला यावरून वाद झाला आणि एनडब्ल्यूएनं शेवटी थेझलाच चॅम्पियन मानलं. काही भागांतल्या प्रमोटरांनी मात्र कार्पेंतिएलाच धरून ठेवलं आणि आपापल्या गावात त्याला हरवून नवे 'जागतिक' चॅम्पियन उभे केले. १९५८ मध्ये ओमाहात व्हर्न गान्यानं त्याला हरवलं, जून १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये फ्रेडी ब्लासीनं. ब्लासी म्हणजे अजून एक अस्सल खलनायक. एका वादग्रस्त निकालाला अशा फांद्या फुटल्या. वहीत ही कुस्ती लिहायचीच, 'मान्यता' रकान्यात "एनडब्ल्यूए : नाही, इतर काही प्रमोटर : होय" असं लिहायचं आणि फांद्यांना उजव्या पानावर वेगळ्या रंगाची शाई वापरायची. मुख्य साखळीत त्या घुसवल्या तर एकाच दिवशी चार चॅम्पियन दिसतात आणि वाचणारा वही मिटून ठेवतो.

३० जून १९६१ ची नोंद नमुन्यादाखल

तारीख ३० जून १९६१, वार शुक्रवार. गाव शिकागो, जागा कोमिस्की पार्क, म्हणजे बेसबॉलचं मैदान. बडी रॉजर्सनं पॅट ओकॉनरला हरवलं. तीन फॉलची कुस्ती, दोन फॉल एकेक, तिसऱ्यात ओकॉनरची ड्रॉपकिक (उडी मारून दोन्ही पायांची लाथ) हुकली, तो दोरावर अडकला आणि रॉजर्सनं त्याला दाबला. मान्यता एनडब्ल्यूए. प्रेक्षक ३८,६२२.

निकालाचा रकाना एवढ्या तपशिलानं का भरायचा? कारण खलनायक स्वच्छ डावानं क्वचितच जिंकतो. समोरच्याची चूक, दोराचा आधार, रेफ्रीचं दुर्लक्ष अशी काहीतरी पळवाट ठेवलेली असते आणि पुढच्या वादाचं मूळ त्या पळवाटेतच असतं. नुसतं 'विजयी' लिहिलं की हे सगळं हातातून जातं. निकालासाठी शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा: चितपट, शरणागती, अपात्र, मोजणीबाहेर (रेफ्रीची मोजणी संपेपर्यंत रिंगणात न परतणं), दुखापतीनं थांबली, बरोबरी. 'चितपट' हा आपला शब्द इथं खांदे तीन मोजेपर्यंत दाबून धरण्यासाठी वापरतो, हे वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. नाहीतर नातू वाचेल आणि त्याला मातीतली चितपट वाटेल.

संगणकावर उतरवताना तारखा मरतात

रजिस्टर झालं की एक्सेलमध्ये उतरवायचा मोह होतो. उतरवा, पण सगळ्यात जास्त नासाडी इथंच होते. अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर. ओकॉनरच्या विजयाची तारीख तिकडच्या यादीत १/९/१९५९ अशी असते. आपल्याकडच्या सेटिंगवर ती चिकटवली की एक्सेल ती १ सप्टेंबर १९५९ समजतं. लाल खूण नाही, इशारा नाही. ओकॉनरची कारकीर्द ९ जानेवारी १९५९ ते ३० जून १९६१ म्हणजे ९०३ दिवस भरते. चुकीच्या तारखेनं ती ६६८ होते. २३५ दिवस गायब, आणि ते हटनच्या खात्यात जमा. ५/१७/१९६३ सारखी तारीख त्या मानानं बरी, सतरावा महिनाच नसल्यानं एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर म्हणून सोडून देतं आणि वजाबाकी अडते. चूक निदान दिसते तरी. घात करतात त्या दोन्ही बाजूंनी बारापर्यंतच्या तारखा.

वाराचा रकाना इथं कामाला येतो. तारखेच्या शेजारच्या सेलमध्ये तीच तारीख घ्या आणि कस्टम फॉरमॅटमध्ये डी हे अक्षर चार वेळा टाका, वार दिसतो. त्या काळी मोठ्या गावांचे कुस्तीचे वार बांधलेले होते, आपल्याकडे गंगेवरचा बाजार बुधवारी भरतो तसे. सेंट लुईच्या कील ऑडिटोरियमला शुक्रवार, टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्सला गुरुवार. ९ जानेवारी १९५९ हा शुक्रवार येतो, बरोबर. १ सप्टेंबर १९५९ येतो मंगळवार. सेंट लुई आणि मंगळवार दिसलं की हात थांबला पाहिजे. वार जुळला म्हणून तारीख सिद्ध होत नाही, पण न जुळलेला वार बहुतेक वेळा चूक दाखवून देतो.

आणखी दोन गोष्टी. वर्ष नेहमी चार आकडी टाका, नाहीतर रॉजर्सची जन्मतारीख २०/२/२१ अशी दिली की एक्सेल त्याला २०२१ मध्ये जन्माला घालतं. आणि बातमीची तारीख ती कुस्तीची तारीख नव्हे. सकाळच्या पेपरात 'काल रात्री' असतं, एक दिवस मागे जा. बातमी तारेनं मुंबईला येऊन छापली असेल तर दोन दिवसही मागे जावं लागतं, शिवाय तिकडची रात्र म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ. तारीख नेहमी कुस्ती झाली त्या गावची धरा.

दिवस मोजताना पट्टा मिळाल्याचा दिवस सोडा आणि गमावल्याचा धरा, म्हणजे नुसती वजाबाकी. ३० जून १९६१ ते २४ जानेवारी १९६३ बरोबर ५७३.

पट्टा हाती असतानाचे पराभव

या ५७३ दिवसांत रॉजर्स हरला नाही असं नाही. १८ ऑगस्ट १९६२ ला न्यूआर्कमध्ये बोबो ब्राझीलनं त्याला हरवलं. रॉजर्सनं दुखापतीचं कारण पुढे केलं आणि ब्राझीलनं पट्टा घेतला नाही. एनडब्ल्यूएनं त्या वेळी बदल मानला नाही. ही नोंद वगळू नका. कृष्णवर्णीय पैलवानानं तो पट्टा धरणाऱ्याला हरवल्याची ती नोंद आहे आणि मान्यता कोणाला मिळते, कोणाला नाही, हे तिच्यातून नीट दिसतं. डाव्या पानावर कुस्ती लिहा, मान्यता 'नाही', आणि उजव्या पानावर दोन ओळीत कारण.

२१ नोव्हेंबर १९६२ ची माँट्रियलची कुस्ती किलर कोवाल्स्कीशी. रॉजर्सचा घोटा मोडला आणि कुस्ती थांबली. इथं 'दुखापतीनं थांबली' हा शब्द, आणि चॅम्पियन तोच. काही याद्यांत कोवाल्स्कीचं नाव मध्येच चॅम्पियन म्हणून येतं, ते अशा नोंदी नीट न वाचल्यामुळे. रिंगणाबाहेरच्या घटना, उदाहरणार्थ ३१ ऑगस्ट १९६२ ला कोलंबस शहरातल्या ड्रेसिंग रूममध्ये बिल मिलर आणि कार्ल गॉच या पैलवानांशी झालेली हाणामारी, यांना डाव्या पानावर जागा नाही. पण पुढच्या तारखा का रद्द झाल्या ते समजायला उजव्या पानावर लागतात.

१९६३ चे पाच महिने

या पाच महिन्यांसाठी दोन पानं सोडा.

आधी पैशाची बाजू. एनडब्ल्यूएच्या चॅम्पियनला २५ हजार डॉलरची अनामत ठेवावी लागे. ठरलेल्या दिवशी पट्टा सोडला नाही तर रक्कम बुडाली. नुरा कुस्तीत निकाल ठरलेला असला तरी रिंगणात उतरलेल्या माणसानं ऐनवेळी ऐकलं नाही तर काय, याची भीती प्रमोटरांना कायम असे. अनामत त्यासाठी. रॉजर्सच्या तारखा अमेरिकेच्या ईशान्येकडच्या प्रमोटरांकडे, म्हणजे व्हिन्सेंट जे. मॅकमॅन आणि टूट्स माँट यांच्याकडे, जास्त जाऊ लागल्या आणि बाकीचे सभासद कुरकुरायला लागले. पट्टा परत घ्यायचं ठरलं. त्यासाठी आणला थेझला, कारण गरज पडली तर खरी कुस्ती करून पट्टा काढून घेईल असा तोच होता.

२४ जानेवारी १९६३, गुरुवार, टोरंटो, मेपल लीफ गार्डन्स. लू थेझनं बडी रॉजर्सला हरवलं, एका फॉलमध्ये. मान्यता एनडब्ल्यूए. ईशान्येकडे मात्र कुरापत निघाली: जागतिक पट्ट्याची कुस्ती तीन फॉलची असते, एका फॉलवर पट्टा जात नाही. म्हणून 'मान्यता' रकान्यात दोन ओळी. वहीत 'फॉल किती' हे लिहायचं राहिलं असेल तर हा वाद समजणारच नाही.

मग वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ, उभी राहिली आणि रॉजर्स तिचा पहिला चॅम्पियन म्हणून जाहीर झाला. कारण सांगितलं गेलं की रिओ दि जानेरोमध्ये स्पर्धा झाली आणि ती त्यानं जिंकली. अशी स्पर्धा झालीच नव्हती. आता ही नोंद कशी करायची? ब्राउन-थेझ प्रमाणेच: कुस्तीच्या रकान्यात रेघ, मान्यता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ, टिपणात "रिओतील स्पर्धा काल्पनिक". गाव म्हणून रिओ लिहू नका, कंसातही नको. एकदा गावाच्या रकान्यात शिरलं की पुढे उतरवून घेणारा कंस काढून टाकतो. तारीख २५ एप्रिल आणि २९ एप्रिल अशा दोन्ही छापलेल्या सापडतात. दोन्ही लिहा आणि दिवस मोजताना २२ किंवा १८ असे दोन्ही आकडे ठेवा. सरासरी काढणारेही पाहिले आहेत. वीस दिवसांचा चॅम्पियन कोणत्याच यादीत नाही.

१७ मे १९६३, शुक्रवार, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ब्रुनो साम्मार्तिनोनं रॉजर्सला ४८ सेकंदांत शरणागती पत्करायला लावली. वेळ सेकंदांत लिहा. रॉजर्सची प्रकृती किती बिघडली होती आणि कुस्ती इतकी छोटी का ठेवली, यावर नंतर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. ते सगळं 'क' दर्जाचं, उजव्या पानावर. साम्मार्तिनोची ही कारकीर्द १८ जानेवारी १९७१ पर्यंत चालली. वजाबाकी २,८०३ आली पाहिजे. तुमच्या शीटवर ही वजाबाकी करून पाहा, एक जरी दिवस इकडेतिकडे झाला तर सूत्रात गडबड आहे.

ज्यानं ती संपवली तो इव्हान कोलॉफ 'रशियन अस्वल' म्हणून उतरायचा. माणूस कॅनडाचा, खरं नाव ओरियल पेरास. त्यामुळे पैलवानाच्या गावाचे दोन रकाने लागतात, एक जन्माचं गाव आणि एक पुकारलेलं गाव. खलनायकांच्या बाबतीत दुसरं बहुतेक वेळा शत्रूराष्ट्रातलं असतं. आपल्याकडेही दोन रकाने उपयोगी पडतात, अर्थात सोंगासाठी नव्हे. २०२० चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर नाशिक जिल्ह्यातर्फे उतरला आणि गाव अकोले तालुक्यातलं. दोन्हीकडचे लोक त्याला आपला म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे.

पुरावे कुठून काढायचे

घरबसल्या फुकट पाहता येतील असे तीन संग्रह आहेत. ऑस्ट्रेलियाचा ट्रोव्ह, बहुतांश पेपर १९५४ पर्यंतचे. न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट, ओकॉनरसाठी. आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा न्यूजपेपर एसजी, जो दारा सिंग आणि किंग काँग यांच्यासाठी सोन्याची खाण आहे. किंग काँग म्हणजे एमिल झाया, आशियातला सगळ्यात नावाजलेला खलपैलवान. शोधताना त्याच्या नावासोबत 'रेसलिंग' शब्द टाकला नाही तर माकडाचे सिनेमे पाहत बसाल. छापील पेपरांसाठी नाशिकमध्ये १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करा, मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. जाताना नेमकी तारीख आणि तिच्या पुढचे तीन दिवस लिहून न्या. "साठच्या दशकातल्या कुस्त्या पाहायच्यात" असं सांगितलंत तर रिकाम्या हातानं परत याल. कात्रणाचा फोटो काढताना पेपराचं नाव आणि तारीख असलेला वरचा पट्टा त्याच फोटोत आला पाहिजे. घरात सापडणाऱ्या कात्रणांपैकी कित्येकांना तारीखच नसते. ती उलटून मागची बाजू वाचा, सिनेमाच्या जाहिराती किंवा बाजारभावावरून आठवडा सापडतो.

रॉजर्सची पानं भरून झाली, की सराव म्हणून एक नोंद स्वतः करा. २९ मे १९६८, मुंबई, दारा सिंग विरुद्ध लू थेझ. मराठीत सर्रास लिहिलं जातं की दारा सिंगनं त्या दिवशी जगज्जेत्याला हरवलं. थेझनं एनडब्ल्यूएचा पट्टा ७ जानेवारी १९६६ ला सेंट लुईत जीन किनिस्कीकडे गमावला होता आणि किनिस्कीनं तो ११ फेब्रुवारी १९६९ पर्यंत ठेवला. कुस्तीच्या रकान्यात दारा सिंगचा विजय ठसठशीत लिहा. 'मान्यता' रकान्यात एनडब्ल्यूए लिहायला हात शिवशिवेल. तिथं रेघ मारा.